उणे आठ

बाईंनी लाल पेनाचं टोपण दातांत धरलं आणि उत्तरपत्रिका पुन्हा पहिल्या पानावर उलटवली. चौतीस. बेरीज दोनदा करून झाली, तरी चौतीसच. आणि पास व्हायला लागतात पस्तीस.

तपासणी केंद्रात याला 'गुण शोधणं' म्हणत. लेखी नियम कुठेही नव्हता, पण चौतीस आले की कुठलाच परीक्षक पेपर तसाच गठ्ठ्यात टाकत नसे. मागे जायचं, एखाद्या पायरीला अर्धा, एखाद्या आकृतीला अर्धा, आणि कुठून तरी तो एक गुण काढायचाच. पोराचं वर्ष वाचतं, आपल्यालाही दोन घास गोड लागतात. बाई वीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि बारा वर्षं इथे तपासायला येत होत्या. गुण शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

चौथ्या प्रश्नावर त्या थांबल्या. दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार छप्पन्न आहे, तर ते पूर्णांक शोधा. पोराने, की पोरीने, कोण जाणे, वर्गसमीकरण नीट मांडलं होतं: क्ष वर्ग अधिक क्ष वजा छप्पन्न बरोबर शून्य. अवयव बरोबर. क्ष बरोबर सात किंवा उणे आठ. मग दोन उत्तरं: सात आणि आठ, किंवा उणे आठ आणि उणे सात. दुसऱ्या उत्तरावर बाईंनीच मघाशी लाल काट मारली होती आणि तीनपैकी दोन दिले होते. काटेखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ताळा : (−८) × (−७) = ५६.

बाईंनी टेबलावरचं, बोर्डाकडून आलेलं आदर्श उत्तर ओढून घेतलं. 'संख्या ऋण नसते, म्हणून −८ त्याज्य. ऋण जोडी लिहिल्यास एक गुण वजा.'

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"संख्या ऋण नसते म्हणे! कुठल्या शाळेत शिकलाय हा?"

शेजारच्या टेबलावरचे सर चार मिनिटांत एक पेपर उडवायचे, म्हणून सगळे त्यांना एक्स्प्रेस म्हणत. त्यांनी मान वर केली.

"कुणाला शिव्या घालताय, बाई?"

"आदर्श उत्तराला."

"मग घाला खुशाल. त्याला कान नसतात."

"अहो, खोलीची लांबी उणे आठ नसते, कबूल. माणसाचं वय नसतं. तिथं मारा की काट! पण इथं पूर्णांक विचारलेत. ऋण संख्यांना बाहेर काढलं तर पूर्णांकांत उरतं काय?"

"वरून आलंय ना? मग झालं. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

बाई उठल्या. खुर्ची एवढ्या जोरात मागे गेली की पलीकडच्या रांगेतल्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या.

परीक्षकांवर देखरेख करणारे नियामक दाराजवळच्या टेबलावर गठ्ठ्यांना सुतळी बांधत होते. सभ्य, हसतमुख माणूस. कुणाशी वाकडेपणा नाही, आणि म्हणूनच बाईंना त्यांचा जास्त राग यायचा.

"सर, चौथ्या प्रश्नाचं आदर्श उत्तर चूक आहे."

"बाई, आदर्श उत्तर चूक कसं असेल? म्हणून तर त्याला आदर्श म्हणतात." स्वतःच्या विनोदाला ते स्वतःच हसले.

बाईंनी उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे आपटली. "ज्यानं एकच जोडी लिहिली, त्याचं उत्तर अर्धं. त्याला आपण तीन देतोय. ज्यानं पूर्ण लिहिलं, वर ताळा करून दाखवला, त्याचा कापतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी! हे पोर चौतीसवर नापास होतंय, सर. बरोबर उत्तर लिहिलं म्हणून नापास!"

"हळू बोला जरा."

"का हळू बोलू? मी काय चोरी केलीय?"

हॉलमधली पेनं थांबली. नियामकांनी चष्मा पुसला, उत्तर वाचलं, स्वतः बोटावर गुणाकार केल्यासारखा केला आणि फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. बाई तिथंच उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांचं हसू जरा कमी झालं होतं.

"दोन्ही जोड्या ग्राह्य. द्या तिसरा गुण."

कुणीतरी टेबल वाजवलं. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या दोनाचे तीन केले, चौतिसाचे पस्तीस केले आणि सही ठोकली.

"आजपासून," नियामक म्हणाले.

"आजपासून म्हणजे?"

"कालचे इथंच आहेत, पण परवाचे गठ्ठे काल सकाळीच वर गेले, बाई. गेले ते गेले."

"वा रे वा! आणि त्या पोरांनी काय पाप केलं? त्यांचा पेपर परवा तपासला, एवढंच?"

"मागवता येतात. पण फोनवरून साफ सांगितलंय, आदर्श उत्तरात चूक होती असं कागदावर येणार नाही. परीक्षकानं स्वतः लिहून द्यायचं, माझ्याकडून चुकीचे गुण दिले गेले म्हणून. मग त्या परीक्षकाचा गठ्ठा परत येतो. त्याचं नाव परीक्षकांच्या यादीतून जातं आणि त्याच्या शाळेला पत्र." त्यांनी सुतळीची गाठ आवळली. "कोण देणार असं लिहून?"

बाई हॉलकडे वळल्या. "ऐकलंत? कुणी कुणी कापलाय परवा हा गुण?"

एक्स्प्रेस सरांनी पेपराचं पान उलटलं, जे त्यांनी अजून वाचलंही नव्हतं.

"शाब्बास! वर्गात पोरांना सांगताना बरी जीभ चालते, 'चूक झाली तर कबूल करावी' म्हणून. आणि इथं सगळ्यांची दातखीळ बसली! लाज वाटत नाही?"

"बाई," नियामक मागून म्हणाले, आवाज न चढवता. "तुमचे परवाचे गठ्ठे किती होते?"

"माझे? मी..."

त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. प्रत्येक परीक्षक आसन क्रमांक आणि गुणांची यादी स्वतःकडे ठेवत असे, तशी त्यांचीही होती. परवाच्या पानावरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं. एक्केचाळीस, बावन्न, अठ्ठावीस, सदुसष्ट. मग बोट थांबलं.

चौतीस.

तो पेपर त्यांना स्वच्छ आठवला. चहा गार होईपर्यंत त्यात गुण शोधला होता. पहिल्या पानापासून तीनदा. चौथ्या प्रश्नात उणे आठ होतं, त्याच्यावर आपलीच लाल काट होती, आणि 'इथं तर बरोबरच कापलाय' म्हणून पान पुढे उलटलं होतं. सापडला का, असं एक्स्प्रेस सरांनी विचारलंही होतं. नाही हो, कुठेच काही नाही, असं सांगून त्यांनी पेपर मिटला होता. वर पोराला दोन शब्द ऐकवले होते, मनातल्या मनात, एवढं सोपं येत नाही म्हणून.

मघापासून आपण ज्याला शिव्या घालतोय तो माणूस वर कुठेतरी बसलाय, असं त्यांना आतापर्यंत वाटत होतं.

नियामक जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांनी यादीवरचं बोट पाहिलं.

"जाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होतेय. तुमचंच नाव आहे म्हणतात. मी काही पाहिलं नाही."

"कागद द्या."

"बाई, विचार करा."

"कागद द्या, सर!" त्या ओरडल्याच. आता हा राग कुणावर आहे ते सगळ्या हॉलला कळलं.

कागद आला. बाईंनी आसन क्रमांक लिहिला, प्रश्न क्रमांक लिहिला. कारणाच्या जागी एकच ओळ लिहिली आणि खाली पूर्ण नाव, शाळा, सही. नियामकांनी कागद वाचला आणि मान हलवली.

"असं नाही लिहीत. 'नजरचुकीने' लिहायचं असतं. तेवढंच लिहा, म्हणजे पत्रसुद्धा जरा सौम्य येतं."

"नजरचूक कसली?" बाई म्हणाल्या. "तीनदा पाहिलंय मी ते. जे लिहिलंय तेच पाठवा."

कागदावर लिहिलं होतं : पोराचं उत्तर बरोबर होतं, मी वाचलं नाही.