रिकाम्या सीटवर आवळलेले बोल्ट

एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं लोखंडाशी झोंबूनही नागसेनची हौस काही फिटली नव्हती, म्हणून निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच त्याने वरूडहून एक जुनी पेट्रोलची जीप ओढून आणली आणि अमरावतीच्या घरासमोर टिनाच्या शेडखाली उभी केली. "भाऊ, म्हातारपणी हे काय घोडं बांधलं दारात?" असं शेजारची बेबीताई रोज विचारी आणि तो रोज हसे. पण ती नुसती हौस नव्हती. लेक प्रियदर्शनी अकोल्याच्या बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत सोमवारी रुजू होणार होती, नोकरी गावोगाव फिरायची होती, आणि आईविना वाढवलेली ही एकुलती एक पोर आपल्या हातच्या गाडीतून सुखरूप जावी-यावी, एवढाच त्या बापाचा हट्ट होता.

गाडी विकणाऱ्या चतुराबाई एका संत्रा बागायतदाराच्या विधवा. किल्ली देताना त्यांनी विचारलं होतं, "चालवनार कोन?"

"लेक माही."

बाई किल्लीकडे जरा वेळ बघत राहिल्या. "आमचे हे गाडी कोनाच्या हाती देत नोते," एवढं म्हणून त्या आत गेल्या. नवरा गेलेल्या बाईला आठवणी यायच्याच, असं समजून नागसेनने ते तिथंच सोडून दिलं.

चार महिने तो राबला. गंजलेली टाकी फेकली, कार्बोरेटरला कायमची रजा देऊन पेट्रोलचं फ्युएल इंजेक्शन बसवलं, नव्या नळ्या टाकल्या आणि टाकीत विजेवरचा पंप सोडला. किल्ली फिरवली की तो पंप दोन सेकंद गुणगुणायचा, नळीत दाब भरायचा आणि गप्प व्हायचा. मगच इंजिन चालू करायचं. पुढच्या चाकांवर गाडीचा भार पेलणारे स्प्रिंगचे थकलेले पाटे काढून त्याने नवे पाटे चढवले, नवे शॉकॲब्सॉर्बर लावले. राहिले होते फक्त पाट्यांचे सहा बोल्ट, आणि त्या बोल्टांबाबत त्याच्या उस्तादाचा, डोमाजीचा, एक कडक नियम होता. गाडी उचललेली असताना ते नुसते सैल लावून ठेवायचे. शेवटचा पीळ चाकं जमिनीवर टेकल्यावर द्यायचा, आणि तोही जो गाडी चालवणार त्याला सीटवर बसवून, म्हणजे पाटा त्याच्या वजनाला बसतो. "रिकाम्या सीटवर आवळशीन तर गाडी कोनाची, ते मंग गाडीच ठरवते," असं डोमाजी म्हणायचा आणि सगळी पोरं तोंड फिरवून हसायची.

गुरुवारी प्रियदर्शनी अकोल्याला खोली बघायला गेली होती. नागसेनच्या हातांना दम निघेना. एवढ्याशा गोष्टीला कोण थांबतं, म्हणत त्याने रिकाम्या सीटवरच सहाही बोल्ट आवळून टाकले.

शुक्रवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो शेडसमोर उभा राहिला, तर जीप उजवीकडे कललेली होती. फार नाही, बोटभर. मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत त्याने मापाची फीत लावली आणि डोळ्यांचा भास नाही हे बघून घेतलं. पाटा नरम लागला असणार, म्हणून दुपारभर घाम गाळून त्याने डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे केला. पाटा नरम असता तर आता गाडी डावीकडे कलायला हवी होती. ती उजवीकडेच बोटभर कलली. उजवीकडे स्टिअरिंग, स्टिअरिंगमागे सीट, आणि सीटवर कोणी नाही.

शनिवारी प्रियदर्शनी परत आली तेव्हा त्याने तिच्या हाती फीत दिली आणि स्वतः सीटवर बसला. पंचाहत्तर किलोचा गडी तो.

"किती दबली?"

"हाललीच नाही बाबा. होती तेवढीच आहे."

नागसेन ताडकन उतरला. उतरताना त्याला वाटलं, आपण सीटवर बसलोच नव्हतो, कुणाच्या तरी मांडीवर बसलो होतो. भूत, भानामती हे शब्द त्याच्या घरात चालत नसत. लेकीला त्याने तसंच वाढवलं होतं. त्यामुळे अंगावर आलेल्या त्या गारठ्याला काय नाव द्यावं ते त्याला कळेना, आणि नाव नसलेली भीती फार वाईट. तो हात पुसत असतानाच टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणला आणि गप्प झाला. किल्ली त्याच्या खिशात होती.

चुकलं ते आपलंच, त्याने मनाशी कबूल केलं. काम नियमाने केलं नाही, आता नियमाने करू. रविवारी दुपारी त्याने सहाही बोल्ट ढिले केले, लेकीला म्हणाला, "जाय पोरी, सीटवर बस. मी हाक देईपर्यंत उतरू नको," आणि पान्हा घेऊन गाडीखाली सरकला.

"बसली का?"

"बसली."

त्याच्या डोळ्यांदेखत उजवा पाटा सावकाश दबला. हा दाब खरा होता, जिवंत माणसाचा होता; त्याला एकदम हायसं वाटलं. एकेक बोल्ट त्याने जीव लावून आवळला आणि कपाळ पुसत बाहेर आला.

प्रियदर्शनी डाव्या सीटवर बसून मोबाइल बघत होती.

"तिकडं काहून बसली?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"तुमीच म्हनले ना बाबा, तिकडं सरक म्हनून."

त्याने बॅटरीची तार काढली, किल्ली खिशात घातली, आणि उद्या तू एस.टी.नं जाशील असं तिला सांगितलं. ती रुसली. चार महिने कशासाठी राबले मग, म्हणाली. त्याला तिला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं की मी घाबरलोय पोरी. पण बापाला ते जमलं नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता तो स्वयंपाकघरात तिचा डबा भरत होता. ज्वारीच्या दोन भाकरी, वर ठेचा. बाहेर अंगणात बॅग सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रियदर्शनीचा.

"हो बाबा, आली."

नागसेनने तिला हाक मारली नव्हती.

पंप दोन सेकंद गुणगुणला. मग इंजिन सुरू झालं, पहिल्याच झटक्यात, त्याने जुळवलं होतं तसं. हातातला डबा घेऊनच तो धावला. शेडच्या जमिनीवर बॅटरीची तार त्याने ठेवली तिथंच पडली होती, किल्ली खिशात मांडीला टोचत होती, आणि जीप फाटकाबाहेर पडून अकोल्याच्या दिशेने वळली होती. आता ती कुठंही कलली नव्हती. दोन्ही बाजूंना सारखं वजन असल्यासारखी ती अगदी सरळ, सावकाश, सवयीच्या हाताने चालवल्यासारखी चालली होती, आणि डाव्या बाजूने बाहेर आलेला प्रियदर्शनीचा हात त्याला टाटा करत होता.