शून्याला लागतं

"हात खाली घे गं. वरून काय दगड पडतायत?"

बालवर्गाच्या बाई जरा कडकच बोलल्या. मुलं रांगेत उभी होती. दहापासून आकडे उलटे म्हणायचे, ज्याचा आकडा येईल त्यानं खाली बसायचं आणि शून्याला सगळ्यांनी टाळी वाजवायची, असा खेळ. उलटे आकडे या वयात जिभेवर बसत नाहीत. सातावर आलेलं पोर हमखास पुन्हा आठावर चढतं, म्हणून बाईंनीच हा खेळ शोधून काढला होता. बाकीची खिदळत होती. बिट्टी मात्र एकही आकडा न चुकता दोन्ही हातांनी डोकं धरून उभी.

टाळी वाजली तशी ती मटकन खाली बसली. फ्रॉक ओला झाला होता.

शाळेतल्या मावशींनी तिचे कपडे बदलले. बाईंनी तिला खिडकीपाशी जवळ घेतलं. "काय झालं? आकडे तर किती छान येतात तुला."

"बाबा घरी म्हणतात ना. मग शून्याला लागतं."

"काय लागतं?"

तिनं कानशिलावर हात ठेवला. तक्रारीचा सूर नव्हता. आपली माहिती म्हणून सांगितलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"लहान मुलं काहीही सांगतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चांगला माणूस आहे तो. संमेलनाचा मांडव त्यानंच दिला."

"मांडव दिला म्हणून पोरीला बडवायची मुभा का?"

"आवाज खाली, बाई. आपलं काम शिकवायचं."

"शिकवतेच आहे. त्याच शून्यावर मी तिला टाळ्या वाजवायला लावते."

बाईंनी मावशींना पाठवून बिट्टीच्या आईला बोलावून घेतलं. ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घातलेली ती दाराशीच उभी राहिली. सगळं ऐकून म्हणाली, "तिला ते उलटे आकडे नका शिकवू. एवढं करा."

"आकड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं? मारणारा हात दिसत नाही?"

"दिसतो." ती फरशीकडे बघत होती. "आधी माझ्यासाठीच मोजायचे."

बाईंना स्वतःच्याच जिभेचा राग आला.

"माहेरी कोण आहे?"

"भाऊ. पण फोन यांच्याकडे असतो."

बाईंनी आपला फोन तिच्या हातात कोंबला. "लावा."

शाळा सुटायच्या आत भाऊ टेम्पो घेऊन आला. भाचीला कडेवर घेतलं, बहिणीला पुढच्या सीटवर बसवलं. बिट्टीनं "मामा, हॉर्न मी वाजवू?" असं विचारलेलं तेवढं ऐकू आलं.

तिचे वडील नेहमीच्या वेळेला फाटकापाशी आले. कडक इस्त्री, हसरा चेहरा.

"मुलगी?"

"आईनं नेली."

"कुठे?"

"तुम्हाला सांगणार नाही."

"मधे पडणाऱ्या तुम्ही कोण?" आजूबाजूच्या पालकांकडे वळून ते हसले. "शिस्त लावतो हो मी. तिचा अभ्यास पक्का आहे, विचारा कुणालाही."

"पक्का आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. "शून्य यायच्या आधीच ती डोकं झाकते. कपड्यात होते तिला. इतका पक्का केलात तुम्ही."

एका आईनं आपल्या मुलाला जवळ ओढलं. पायऱ्यांवरून मुख्याध्यापिकांनी हाक मारली, "बाई, आत या." बाई हलल्या नाहीत. बिट्टीच्या वडिलांनी फाटक ढकललं. बाईंनी आतून कडी दाबून धरली. लोखंड तापलेलं होतं.

"उद्यापासून या शाळेत दिसणार नाही तुम्ही."

"नाही तर नाही."

ते गेले. पालक आपापल्या मुलांचे हात धरून पांगले. मुख्याध्यापिका आत वळल्या. कितीतरी वेळानं मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"गेला तो. सोडा आता कडी."

बाईंना सोडता येईना. मग मावशींनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांची बोटं हळूहळू उलगडून दिली.