बाईंच्या मापाचे घास

माझ्या मामाच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी एक जबडा ठेवलेला असतो. प्लास्टरचा, वरचा आणि खालचा, मागे पितळी बिजागरी. मामाने एकतीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर तो पार्ट्यांसाठी एका घासाचे पदार्थ बनवू लागला. एका हातात ग्लास असताना दुसऱ्या हाताने उचलायचे आणि चाललेलं बोलणं न तोडता संपवायचे, असे. "काम तेच आहे," तो म्हणतो. "मापाचं काहीतरी बनवून लोकांच्या तोंडात बसवायचं. फरक एवढाच की आता ते तिथं मुक्काम करत नाही."

मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नोकरीची वाट बघत होते, म्हणून मदतीला जायचे. पदार्थविज्ञानावरून सुचणारा विनोद मामी आठवड्यातून तीनदा करत असे. तो इथे सांगत नाही.

एका सोमवारी वकीलबाई आल्या. वय एकाहत्तर, सरळ पाठ, पांढरे आखूड केस. त्यांची कवळी मामानेच बनवली होती. चव्वेचाळीस वर्षांची वकिली त्या थांबवणार होत्या. त्यांच्या कार्यालयाच्या ग्रंथालयात शनिवारी संध्याकाळी साठ माणसं येणार होती. कॉकटेल आणि सोबत उभ्या उभ्या खाणं.

"ही माझी भाची," मामा म्हणाला. "घरातली आहे. हिच्यासमोर बोललात तरी चालेल."

"बरं. दातवाले, तुमच्या कवळीबद्दल माझी तक्रार नाही. भर उलटतपासणीत ती कधी हलली नाही. पण खाताना माझा तिच्यावर भरवसा नाही."

मग त्यांनी तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. एका दुपारच्या जेवणात त्यांनी टोस्टचा तुकडा समोरच्या दातांनी तोडला आणि वरची कवळी सुटून खाली आली. समोर एक न्यायाधीश बसले होते.

"ते पटकन आपल्या ताटात बघायला लागले. त्यांनी न बघितल्यासारखं केलं, ते मी बघितलं. त्या दिवसापासून मी चारचौघांत खाल्लेलं नाही. ग्लास असा तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचं, आत्ताच जेवून आले. तीन वर्षं मी जिथे जाते तिथे आत्ताच जेवून जाते." त्या हसल्या, पण हात तोंडापाशी गेलाच. "माझ्याच निरोपाला मला उपाशी उभं राहायचं नाही, दातवाले. सगळ्यांबरोबर खायचंय."

मला वाटलं, उत्तर सोपं आहे. "तुमच्यासाठी मऊ पदार्थांची वेगळी प्लेट करू या," मी म्हणाले.

एखादा साक्षीदार फुटल्यावर वकील बघत असतील तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वेगळी प्लेट आजारी माणसाची असते, बाळ."

मामा इतका वेळ त्यांच्या जबड्याकडे बघत होता. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं असतं हे त्याला एकतीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. "वेगळं काही नाही," तो म्हणाला. "साठ जणांचं सगळं खाणं तुमच्या मापाचं होईल. आणि साठ जणांना त्याचा पत्ता लागणार नाही."

त्या गेल्यावर त्याने माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात चिठ्ठ्या लावलेले प्लास्टरचे साचे होते. बाईंचा साचा त्याने बिजागरीवर बसवला आणि त्यांच्या कवळीची ठेवलेली नक्कल वर चढवली.

"अहो, निदान तिथली बरणी तरी हलवा," मामी म्हणाली. "बघणाऱ्याला वाटेल वकीलबाई आपलं मीठ खातायत."

पुढचे पाच दिवस मी जे बघितलं, त्यासाठी मी विद्यापीठात तीन वर्षं घालवली होती असं मला आता वाटतं. मामाने मला आधी प्रश्न घातला: वरची कवळी कशाने टिकते? मी म्हटलं, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी, मधल्या लाळेच्या पातळ थराने. तो खूश झाला. "मग दारूने तोंड कोरडं पडलं की काय होईल?" थर जाईल. "म्हणून प्रत्येक घासात थोडी ओल हवी. आता समोरच्या दातांनी तोडलं तर?" तरफ. पुढचा भाग दाबला की मागचा सुटतो. "म्हणून काहीही तोडायला लागता कामा नये. घास अख्खा आत जायला हवा, आणि दोन्ही बाजूंना सारखा वाटला जायला हवा."

हे सगळं मऊ करून टाकणं कुणालाही जमलं असतं. पण मग साठ जण म्हणाले असते की ही पार्टी आहे की दवाखाना. पार्टीत कुरकुरीत आवाज हवाच. मामाने पिठाच्या दोन अतिपातळ चादरी लोणी लावून एकावर एक ठेवल्या, त्यांच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या वाट्या करून भाजल्या, आणि भाजण्याआधी प्रत्येकीच्या मधोमध सुरीने एक हलकी रेघ ओढली. मी मापायला वजनकाटा आणला. वाटी काट्यावर ठेवायची, अंगठ्याने दाबायची, फुटताना आकडा बघायचा. टोस्टला दोन किलोच्या वर जोर लागायचा. मामाची वाटी दीडशे ग्रॅमला फुटायची, आणि दर वेळी त्या रेघेवरच, बरोबर दोन तुकडे. तिचा आवाज मात्र टोस्टइतकाच खणखणीत होता. मी वीस वाट्या फोडल्या. विसाव्या वेळी मी नुसतीच "वा" म्हणाले.

"शास्त्रज्ञ, वाट्या संपतायत," मामा म्हणाला.

शनिवारपर्यंत चार पदार्थ ठरले. त्या वाटीत मलईतलं मश्रूम, आयत्या वेळी भरायचं. साल काढलेल्या काकडीचा पोकळ तुकडा, आत मऊ चीज आणि वर शेपूचा इवला तुरा. बोराएवढा उकडलेला बटाटा, वर आंबट साय आणि मिरेपूड. आणि चौथा, मामाचा लाडका: खारट निळ्या चीजच्या लहान गादीवर पिकलेल्या नाशपातीची पातळ चकती, तिला मधाचा हात. एकही पदार्थ करायला अवघड नव्हता. काडेपेटीत सहज मावावा एवढाच प्रत्येकाचा आकार. पण ताटात मांडल्यावर नजर हलत नव्हती.

शनिवारी साडेचारला आम्ही तिघं ग्रंथालयामागच्या छोट्या खोलीत पोचलो. सहाला पाहुणे येणार होते. बाहेर बारवाला बर्फ फोडत होता. लिंबू घातलेलं जिनचं एक पेय, संत्र्याच्या सालीचा वास असलेलं दुसरं, आणि न पिणाऱ्यांसाठी पुदिन्याचं तिसरं. मामा त्याच्याकडून प्रत्येकाचा एक घोट चाखायला गेला.

तेवढ्यात मी ती चूक केली. नाशपातीच्या चकत्या मला फिक्या वाटल्या. आमच्या सामानात काळ्या तिळाची एक पुडी होती. काळे तीळ, पिवळसर चकती, चमकणारा मध. मी तिळाचा दाणा आदल्या दिवशीच गंमत म्हणून वजनकाट्यावर दाबून बघितला होता. आकडा जेमतेम हलला होता. म्हणजे तीळ पास. मी साठच्या साठ चकत्यांवर चिमटीने तीळ भुरभुरले आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. फार सुंदर दिसत होते.

मामा आत आला, ताटापाशी थांबला आणि खुर्चीवर बसला.

"काय झालं?" मी विचारलं. "फुटायला काही जोरच लागत नाही. मी मापलंय."

"फुटला तर ना," मामा हळूच म्हणाला. "तीळ फुटत नाही, तो शिरतो. कवळीच्या खाली, हिरडीवर. बुटात खडा गेला तर आपण काय करतो?"

"थांबतो. बूट काढतो."

"बाईंनी काय काढायचं, साठ माणसांसमोर?"

काटा जोर मापत होता. जागा मापत नव्हता. बिजागरीवरच्या जबड्यालाही ते कळलं नसतं, कारण त्याच्या हिरड्या प्लास्टरच्या होत्या. ते फक्त त्यालाच माहीत होतं, ज्याने एकतीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकली होती.

"हे बाजूला ठेवू," मामी म्हणाली. "बाकीचे तीन आहेत की."

"चालेल," मामा म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. "फक्त बाकीच्या तिन्हींत गोड काही नाही, आणि जिनबरोबर तोंडाला पाणी सुटेल असं हेच होतं."

"हे ताट बाहेर गेलं, आणि बाईंनी नुसतं टाळलं तर?" मी विचारलं.

"मग तेच झालं ना. पुन्हा निवडून, बघून, घाबरून खायचं. मी त्यांना म्हटलं होतं, सगळं. जे हाताला येईल ते."

सव्वापाच वाजले होते. मी तिळांकडे बघत राहिले. ते चकतीला चिकटले नव्हते, मधाला चिकटले होते. "मामा, मध पाण्यात विरघळतो."

त्याने मान वर केली.

"चकत्या वरच्या वर उचलू, लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवू. मध जाईल, त्याच्याबरोबर तीळ जातील, आणि लिंबामुळे चकत्या काळ्या पडणार नाहीत. चीज खाली आहे, त्याला तीळ लागलेलेच नाहीत."

मामाने खिशातून कापडी गुंडाळी काढली. त्यात त्याची जुनी हत्यारं होती, मेण कोरायची पातळ सुरी आणि चिमटे. त्याने पहिली चकती उचलली. खालच्या चीजवर ओरखडासुद्धा उमटला नाही. मी बुडवायची, हलवायची, पाणी बदलायची. मामी स्वच्छ कपड्यावर टिपायची आणि प्रत्येक चकती दिव्यापुढे धरून बघायची.

"एक राहिलाय. हा बघ, दडून बसलाय मेला," ती म्हणायची, आणि चकती माझ्याकडे परत यायची.

मामाचे हात चकतीमागे चकती उचलत होते. सदुसष्टाव्या वर्षी त्यांत कंप नव्हता. साठावी चकती जागेवर बसली तेव्हा बाहेर पहिले पाहुणे हसत होते. मध पुन्हा लावायला वेळ राहिला नाही. मामाने एक घास खाल्ला, जीभ टाळ्यावर फिरवली, थांबला. "लिंबामुळे बरंच झालं," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच, हे मी विचारलं नाही.

ताटं मी फिरवली. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, लिंबाचं पेय हातात, ग्लास हनुवटीच्या वर, तोंडापुढे. त्यांच्यासमोर एक टकले वकील होते. त्यांना सगळे 'हरकतवाले' म्हणत. बाईंविरुद्ध ते तीसेक वर्षं उभे राहिले होते.

"तो निकाल माझ्या बाजूने लागायला हवा होता," ते म्हणत होते. त्यांनी ताटातली वाटी उचलून तोंडात टाकली. कुर्रुम असा आवाज झाला. "वा! हे काय आहे?"

मी ताट बाईंपुढे धरलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी पापणी लवली असेल. त्यांनी नाशपाती उचलली. ग्लास तसाच आड ठेवून ती तोंडात घातली, आणि क्षणभर त्यांची नजर कुठेच नव्हती. मी मनात मोजत होते. सातला त्यांनी गिळलं. आठला त्यांनी हात पुढे करून वाटी घेतली. तिचा आवाज मला ऐकू आला.

"तुमची बाजू," घास संपायच्या आत बाई म्हणाल्या, "मुळात कच्ची होती."

"हरकत आहे!"

"फेटाळली."

मी पुढे गेले. अर्ध्या तासाने रिकामं ताट घेऊन परतताना बघितलं तर बाईंचा ग्लास खिडकीच्या कठड्यावर एकटाच उभा होता, बर्फ वितळलेला. बाई खोलीच्या मधोमध होत्या. एका हातात काकडी, दुसऱ्या हातात बटाटा, आणि त्या बटाट्याने हवेत मुद्दा मांडत होत्या. भोवती सात-आठ माणसं होती. कुणीही आपल्या ताटात बघत नव्हतं.

मी आत जाऊन मामाला सांगितलं. तो भांडं पुसत होता. "ग्लास कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कठड्यावर."

त्याने तेच भांडं पुन्हा एकदा पुसलं.

थोड्या वेळाने बाई स्वतःच दारात आल्या. मामीने खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. उरलेल्या ताटातला एक बटाटा उचलून उभ्या उभ्या खाल्ला, आणि कपाळाला आठी घातली.

"दातवाले, एक बोलू का?"

मामा सावध झाला. "हलली का?"

"कोण? नाही हो. बटाट्याला मीठ कमी आहे."

मामा खाली बघून हसायला लागला. मामीने घरून आणलेली मिठाची बरणी पुढे सरकवली.