तुळजा विचारायला आली नव्हती

देवाला कौलासाठी चिकटवलेली पाकळी डावीकडे पडली. डावी म्हणजे देवाचा नकार. उमाजीचा चेहरा असा खुलला, जणू देवानं आधी त्यालाच विचारून घेतलं होतं.

"झालं! सुंदरीनं अमेरिकेला जायचं न्हाई. द्येवच बोललाय."

उमाजी नंदिगड्ड्याजवळच्या त्या छोट्या कुणबी वाडीचा बुधवंत, म्हणजे प्रमुख, आणि तुळजाचा थोरला दीर. कौल बुधवंतानं लावायचा, पुरुषांनी ऐकायचा आणि बायकांनी मागं उभं राहून मान डोलवायची, अशी रीत. नवरा गेल्यापासून तुळजा अशी मागंच उभी राहत आली होती.

तिची लेक सुंदरी दांडेलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. त्र्याण्णव साली अमेरिकेतल्या एका जुन्या ग्रंथालयानं तिला वर्षभराची फेलोशिप दिली. तिथं राहायचं, तीनशे वर्षांपूर्वीची कागदपत्रं वाचायची आणि पहिल्या गोऱ्या वसाहतींवर लिहायचं. नुसतं वाचायला पगार! वाडीच्या हे पचनीच पडेना. मुंबईला फेलोशिपच्या मुलाखतीतही एका विद्वानानं नाक मुरडलं होतं. जोयड्याच्या रानातल्या मुलीला अमेरिकेचा इतिहास कशाला हवा, आपल्या कुणब्यांवर लिहा की! सुंदरी गप्प बसणारी नव्हतीच. "आमच्यावर लिहायला तिकडचे लोक येतात, सर. त्यांना असं कुणी विचारतं का?"

आईला मात्र तिनं चुलीपाशी बसून समजावलं होतं. "आये, तिकडं रानात ऱ्हाणारी माणसं हुती. गोरे आले नि म्हणाले, तुमच्या जमिनीला कुंपण न्हाई, म्हंजी ती तुमची न्हवं."

तुळजानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. डोंगरउतारावरची तिच्या नवऱ्याची उभी नाचणी जंगल खात्याच्या एका साहेबानं असंच काहीसं बोलून उपटायला लावली होती.

"मग जाच तू," ती म्हणाली होती. "त्येंनी काय काय लिवून ठेवलंय, बघून ये."

आता उमाजी नारळ उचलायला वाकला, तशी तुळजा पुढं झाली.

"मागं सर! एका कामाला दोनदा कौल लावत न्हाईत."

"कौल न्हाई लावत, भावजी. मी इचारायला न्हाई, सांगायला आलेय." तिनं देवापुढं हात जोडले. "द्येवा, माझी लेक जाणार. तुला राग आला तर माझ्यावर काढ. मी हितंच हाय."

उमाजी नारळ उचलत म्हणाला, "कापणीला तुझ्या शेतात कोण येतंय, तेच बघतो."

धमकी पोकळ नव्हती. वाडीतली कापणी एकमेकांच्या हातांवरच निघायची.

"कापणी उरकून जाते," बायकांत उभी असलेली सुंदरी आईला म्हणाली.

"तिकडं तुझ्यासाठी थांबतील व्हय? चल, गाडी चुकंल." तुळजाला रडू आवरेना. रडत रडतच तिनं लेकीला गाडीत चढवलं.

दुसऱ्या दिवशी उमाजीच्या शेतात अख्खी वाडी उतरली. तुळजाकडे कुणी फिरकलं नाही. दूरच्या कोपऱ्यातून गुपचूप सुरुवात करता आली असती, पण तिनं मुद्दाम उमाजीच्या बांधालगत विळा घातला.

कापणीचं गाणं एकीनं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. तुळजानं पहिली ओळ खणखणीत आवाजात उचलली. पलीकडचे विळे थांबले, पण झेललं कुणीच नाही.

मग झेलायची ओळही तिनंच म्हटली आणि पुढची मूठ कापली.