ताईसाठी पाहिलेले सिनेमे

माझ्या त्यागाची गोष्ट मी आजवर निदान साठ-सत्तर वेळा तरी सांगितली असेल. ताईच्या लग्नात माइक हातात घेऊन सांगितली, भाचीच्या वाढदिवसाला सांगितली, आणि आमच्या लॅबमध्ये, जिथे मी दातांच्या कवळ्या बनवतो, तिथे तर दर नव्या माणसाला ती पहिल्या आठवड्यातच ऐकावी लागते. गोष्ट अशी की, मी नऊ वर्षांचा असताना माझ्या थोरल्या बहिणीला बाहुलीच्या सिनेमांचं वेड होतं. तिला सोबत हवी म्हणून मी, चांगला मैदानात धुडगूस घालणारा मुलगा, ते अकराच्या अकरा सिनेमे तिच्या शेजारी बसून बघितले. काही तर चार-चार वेळा. एवढं सांगून मी एक सुस्कारा सोडतो. लोक हसतात, ताईही हसते, आणि मी किती समंजस भाऊ होतो हे सगळ्यांना कळतं.

गेल्या महिन्यात या गोष्टीची मला खरोखरच गरज पडली. बाबा बाथरूममध्ये घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की सहा महिने त्यांना एकटं ठेवायचं नाही. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. म्हणजे आता ते एक तर माझ्याकडे येणार, नाही तर ताईकडे. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे आणि घरात एक जादा खोली आहे. ताई तिसऱ्या मजल्यावर राहते, जिना अरुंद, आणि दोन खोल्यांत चार माणसं. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मी आठवडाभर विचार केला.

खरं सांगायचं तर मला बाबा नको होते. वाईट वाटतं लिहायला, पण नको होते. ते बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती मिनिटं उशिरा आली हे लिहिण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते काम त्यांनी माझ्यावर सुरू केलं. पहाटे पाचला रेडिओ, आणि मी चप्पल घातली की 'किती वाजता येशील?' शिवाय ती जादा खोली माझी होती. तिथे मी रविवारी दार लावून काहीही करत नसे, आणि ते मला फार आवडत असे. बायको म्हणाली की वडील तुझे, बहीण तुझी, तेव्हा बोलणी तूच कर; फक्त तिथे काय बोललास ते घरी येऊन मला ऐकवू नकोस.

माझा बेत साधा होता. हॉस्पिटलात जायचं, ताईसमोर आधी सिनेमांची गोष्ट काढायची, सगळ्यांना हसवायचं, आणि मग हळूच म्हणायचं की लहानपणी मी तुझ्यासाठी एवढं केलं, आता जरा तुझी पाळी.

आता त्या सिनेमांबद्दल. जगातली एखादी जुनी, नावाजलेली गोष्ट घ्यायची आणि तिच्यातल्या नायिकेच्या जागी ती सोनेरी केसांची बाहुली उभी करायची, असा तो कारखाना होता. आज धंद्याच्या नजरेने बघितलं तर तिचे दात म्हणजे नुसती एक पांढरी पट्टी होती, मध्ये एक फट नाही. असलं काम मी केलं तर डॉक्टर माझ्या तोंडावर फेकतील. तिचे केस वाऱ्यात सगळे मिळून एकदम हलायचे. ती चालायची तेव्हा पाय जमिनीला लागायचे नाहीत. राजकन्या असो, कोळ्याची पोर असो, घड्याळात कोंडलेली मुलगी असो, चेहरा तोच. आणि नेमकं तेच मला आवडायचं. तिला शाप लागला, ती बुडाली, तिला चेटकिणीने मिठाचा पुतळा केलं, तरी पुढच्या मंगळवारी ती दुसऱ्या गोष्टीत ठणठणीत भेटणार हे मला पक्कं ठाऊक असायचं. तरीसुद्धा शापाच्या वेळी मी उशी चावायचो. शेवटी ती नाचायला लागली की माझे डोळे भरून यायचे, आणि डोळ्यांत केस गेला असं मी सांगायचो. माझे केस तेव्हा अर्धा इंच होते.

सीडी भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला मी आत शिरताशिरताच सांगायचो, 'ताईला हवाय.' तो बिचारा काही विचारतही नसे. पुढे शाळेच्या ग्रंथालयात मिठाच्या पुतळ्याची मूळ गोष्ट हाती लागली. तिच्यात ती मुलगी शेवटपर्यंत मिठाचीच राहते आणि पाऊस पडल्यावर विरघळून जाते. मी ते पुस्तक घेऊन ग्रंथपालबाईंकडे गेलो आणि सांगितलं की यात छपाईची चूक आहे, शेवटी ती नाचते. बाईंनी विचारलं, तुला कसं माहीत. मी म्हणालो, माझ्या ताईला विचारा, तिला सगळं पाठ आहे.

तर असा मी हॉस्पिटलात पोचलो. ताई खाली औषधं आणायला गेली होती. सिस्टर बाबांची सलाइनची बाटली बदलत होत्या. म्हटलं, तेवढ्यात जरा तालीम करून घ्यावी, आणि सिस्टरना मी गोष्ट सांगून टाकली, सुस्काऱ्यासकट. त्या मनापासून हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले आणि नेहमीच्या डेपोतल्या आवाजात म्हणाले, "मंगळवार होता."

मी विचारलं, कुठला मंगळवार.

"पहिला. माझी पाळी दोनला सुटली, पावणेतीनला मी घरी पोचलो. तू एकटाच टीव्हीसमोर उभा राहून त्या बाहुलीबरोबर गाणं म्हणत होतास. हात असे पसरून. आणि समोरच्या गॅलरीत तुझे तीन मित्र पोट धरून हसत होते."

सिस्टरनी उगाचच बाटलीकडे बघितलं. बाबा थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं की मी दोन दिवस नीट जेवलो नाही, मैदानात गेलो नाही, शाळेत जायच्या वेळी पोट दुखतंय म्हणायचो. तिसऱ्या दिवशी ताई स्वतः दुकानात गेली, दुसरी सीडी घेऊन आली, खिडकी सताड उघडली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की मला बघायचाय, मला हवाय, आणि तू मुकाट्याने माझ्या सोबतीला बसायचं. तिचं ते मोठ्या परीक्षेचं वर्ष होतं. मांडीवर पुस्तक ठेवून ती टीव्हीच्या उजेडात वाचायची.

"तिला ती बाहुली डोळ्यांसमोर नको व्हायची," बाबा म्हणाले. "वर्गातल्या मुली तिला वर्षभर 'बाहुली' म्हणून चिडवायच्या. घरी येऊन रडायची. पण तुला सांगू नका म्हणाली."

ताईच्या लग्नात माइकवर मीही तिला 'बाहुली' म्हटलं होतं. दोनशे माणसांसमोर. ती सगळ्यांबरोबर हसली होती.

ते गॅलरीतले तिघं मला आठवत नव्हते. मग आठवले, त्यातल्या एकाच्या लाल टी-शर्टसकट. मला इतकी लाज वाटली की मी पलंगाखालची बाबांची चप्पल उचलून सरळ केली, मग पुन्हा सरळ केली. पंचवीस वर्षं मी ज्याचा टेंभा मिरवत होतो तो त्याग झाला होता खरा, फक्त तो माझा नव्हता.

तेवढ्यात ताई आली. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात कागद, चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा ती पर्समध्ये शोधत होती. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. तिने गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "मी काय म्हणते, बाबांना माझ्याकडेच येऊ दे. मला हवेत ते. मुलांनाही आजोबा मिळतील."

एक उचलायची खुर्चीही तिने कुणाकडून तरी मागून ठेवली होती, चौघांनी धरली की तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज जाईल म्हणे. मुलं बाहेरच्या खोलीत झोपतील. तुझ्या कामाचं किती असतं, तू कुठे अडकतोस. हे सगळं ती जरा मोठ्या आवाजात बोलत होती, पलीकडच्या पेशंटलाही ऐकू जाईल असं.

मी जे मागायला आलो होतो ते न मागता पदरात पडत होतं. तासाभरापूर्वी मी ते आनंदाने घेतलं असतं, थोडे आढेवेढे घेऊन, आणि पुढे लोकांना सांगितलं असतं की ताईने फारच हट्ट धरला. बाबा छताकडे बघत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "बाबा मला हवेत."

आवाज इतका मोठा लागला की पलीकडच्या पेशंटने मान वळवली.

ताईने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी धडधडीत खोटं बोलतोय हे तिला लगेच कळलं. असं खोटं बोलण्याचा आमच्या घरात तिच्याइतका सराव कुणालाच नव्हता. हातातला कागद तिने गोळ्यांशेजारी ठेवला, मघाची खुर्ची जवळ ओढली आणि बसली. मग चष्मा काढून ती बराच वेळ ओढणीने पुसत राहिली.