बीजगणिताच्या दहा प्रती

हिंमतराव मास्तरांनी बीजगणिताच्या दहा प्रती मागितल्या, तेव्हाच महालिंगप्पाच्या मनात पाल चुकचुकली.

उस्मानाबादेतल्या त्या शाळेचं ग्रंथालय तो सांभाळत होता. शाळेची रीत ठरलेली: क्रमिक पुस्तकाच्या दोनच प्रती घ्यायच्या; एक तिथंच बसून वाचायला, दुसरी घरी न्यायला.

"मास्तर, एवढ्या पैशात दहा निराळी पुस्तकं येतील," तो म्हणाला.

"येतील. पण पाळी लागेस्तोवर गरिबाच्या पोरांची परीक्षा उलटून जाते."

हेडमास्तरांनी मुकाट सही केली, हेही त्याला खटकलं. दिवस वाईट होते. इंग्रज गेले, तरी इथं निजामाचाच अंमल होता. सोलापूरकडून निजामाविरुद्धची पत्रकं लपतछपत येत आणि रझाकार घरं धुंडाळत. पार्सल आलं तेही सोलापूरहूनच. महालिंगप्पानं एकेक प्रत झटकून पाहिली, पुठ्ठ्याखाली नख घालून पाहिलं. निघालं नुसतं बीजगणित.

तरी शंका जाईना. सगळ्या प्रती मास्तरांनी तेर गावच्या पोरांच्या नावावर नेल्या, "मीच पोचवतो" म्हणाले. आणि तेरचं एकही पोरगं कित्येक दिवसांत शाळेत फिरकलं नव्हतं! रात्री जेवताना त्यानं हे मेव्हण्याला, माणिकप्पाला, सांगितलं. माणिकप्पा पोलीस चौकीत कारकून होता.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. महालिंगप्पा पहाटेच बैलगाडीनं तेरला गेला, त्या पोरांपैकी धोंडीबाचं घर विचारत. दारात त्याची आई कडूबाई आडवी उभी राहिली.

"पोरगं न्हाय घरी."

"शाळेचं पुस्तक बघायला आलोय, बाई."

"पुस्तक बघाया कुणी एवढ्या लांब येतंय व्हय?"

इतक्यात आतून हिंमतरावच बाहेर आले. चेहरा पडलेला.

"येऊ द्या त्यांना. आता लपवून काय करायचं?"

आत धोंडीबा पुस्तक उघडून बसला होता. शाळेच्या वाटेवर रझाकारांनी पोरांना मारलं, तेव्हापासून आईबाप त्यांना पाठवत नव्हते. "एका जागी शिकवावं, तर पोलीस म्हणतील सभा भरवली," मास्तर म्हणाले. "म्हणून दर शुक्रवारी घरोघर फिरतो. प्रत्येकाजवळ पुस्तक नको का?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमचा मेव्हणा चौकीत आहे."

"त्याला मी बोललोय," महालिंगप्पा म्हणाला. "प्रतींचं. तेरच्या पोरांचं."

कडूबाईनं लेकाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. मास्तर घरोघर जाऊन बाकीची घेऊन आले. महालिंगप्पानं ती गाडीत कडब्याखाली घातली आणि रातोरात ग्रंथालयाच्या कपाटात लावली.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीचे अमीनसाहेब शिपायांसह आले. कपाट उघडून त्यांनी प्रती मोजल्या.

"एक ही किताब इतनी क्यूँ?"

"गरीब लडकों के वास्ते, साहब."

अमीनसाहेबांनी कपाट लावलं आणि ते निघून गेले. माणिकप्पाशी महालिंगप्पानं त्यानंतर साधं हवापाण्याचंही बोलणं टाकलं.

पुढच्या शुक्रवारी मास्तरांनी पुस्तकं मागितली नाहीत. महालिंगप्पा स्वतःच ती गाडीत घालून तेरला गेला. कडूबाईनं उंबऱ्यावरूनच पुस्तक घेतलं, वाटेकडं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि त्याला आत न बोलावता दार लावून घेतलं. तो पुढच्या घराकडं वळला.