कापडावरचा दुसरा चेहरा

रेडिओवरच्या माणसाने नाव सांगितलं आणि एलुबेच्या हातातलं रताळं हातातच राहिलं.

"चावुला? कोण गं हा चावुला?"

ओसरीवर बसलेल्या बायकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शिवणाचं मशीन थांबवलं. बाहेर चिपेरोनी पडत होती. थंडीत मुलांजेच्या डोंगरावरून उतरणारी ही भुरभुर. तिला पाऊस म्हणावं तर अंग भिजत नाही, धुकं म्हणावं तर धुणं वाळत नाही. डोंगर कुठे गेला होता कोण जाणे. समोरचं दुकानही अर्धंच दिसत होतं.

रेडिओने पुन्हा सांगितलं. आमच्या पक्षाच्या म्हाताऱ्याने राजधानीत जाऊन राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला होता. सोबत उपाध्यक्षपदासाठी जोडीदार म्हणून चावुलांचं नाव दिलं होतं. चावुला उत्तरेकडचे, बँकेत मोठे साहेब होते.

"आणि आपल्या नामाखाबाई?" कुणीतरी विचारलं.

"त्या बसल्या असतील शेंगा सोलत."

"रविवारी चर्चबाहेर सगळे म्हणत होते, बाईंचंच नाव पक्कं आहे."

"चर्चबाहेर काय, माझंही नाव पक्कं होतं!"

एलुबेने रताळ्याची साल रेडिओला फेकून मारली. "एवढ्या डोंगरात म्हाताऱ्याला माणूस मिळाला नाही. घरजावई आणला, घरजावई!"

सगळ्या हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या, कारण मी तिथेच बसलो होतो.

"तुम्हाला नाही म्हटलं, दाजी," एलुबे म्हणाली. ती माझ्या बायकोची धाकटी बहीण.

"मला कुठे काय लागलं?" मी म्हणालो आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

आमच्याकडे लग्न झालं की पुरुष बायकोच्या गावी राहायला जातो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण घर बायकोचं, जमीन तिच्या आईकडची, आणि मुलंही तिच्या घरची. बायको गेली की सुतक फिटेपर्यंत त्याला राहू देतात. मग तिच्या मामासमोर त्याचं डोकं भादरतात, "तुम्ही मोकळे" म्हणतात, आणि तो आपल्या आईच्या गावी परत जातो. माझं गाव दूर, सरोवराच्या काठी. तिथून मी चहाच्या मळ्यात कामाला आलो, शिवण शिकलो, मलिता भेटली आणि राहिलो. आम्हाला मुलं झाली नाहीत. मका कापणीला आला तेव्हा मलिता तापाने गेली.

मलिताच्या नाझोंबे मामांनी मला सांगितलं होतं, "पक्षाचं कापड येणार आहे. सभा होऊन जाऊ दे. मग तुमच्या बैठकीला बसू."

मला जायचं नव्हतं. कबरींच्या राईतली झाडं आमच्याकडे कुणी तोडत नाही, आणि उगाच कुणी तिथे जातही नाही. पण माझ्या ओसरीवरून त्या झाडांचे शेंडे दिसतात. काम करता करता मी मान वर केली की ते दिसत. मला तेवढंच हवं होतं.

सभेच्या झग्यांसाठी पक्षाने बायकांना वाटलेलं कापड आलं. जांभळं. एका गोलात म्हाताऱ्याचा चेहरा, शेजारच्या गोलात चष्मेवाला चावुला, आणि असंच पूर्ण कापडभर. असं कापड बेतायचं म्हणजे कोण कुठे येतो ते बघावं लागतं. चेहरा शिवणीत गेला तर तो तिरळा होतो.

पहिली बाई आली ती म्हणाली, "टेलर, म्हातारा छातीवर. आणि दुसऱ्याला काखेत घाला."

दुसरी म्हणाली, "माझ्या काठाला घाला. चिखल लागला तर लागू दे."

तिसरीने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "मला तो बसायच्या जागी हवा. सभेत स्टेजकडे पाठ करून वाकून नाचणार आहोत आम्ही. बघू दे त्याला स्वतःचं तोंड."

मग सगळ्यांनाच तसं हवं झालं. बाजारात, विहिरीवर, गिरणीवर दुसरं बोलणं नव्हतं. म्हाताऱ्या बायकाही तोंडावर हात घेऊन हसत होत्या.

संध्याकाळी एलुबे एकटी आली. मला प्यायला मक्याचा तोब्वा दिला, स्वतः उंबऱ्यावर बसली.

"दाजी, तुम्हाला राहायचंय ना इथे?"

मी मान हलवली.

"मामा पुरुष आहे, पण ऐकतो बायकांचं. आम्ही सगळ्या मिळून बोललो तर त्याला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही एवढं आमचं करा. सगळ्यांचे झगे तसे शिवा."

"आणि पहिला कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली आणि कापड ठेवून गेली.

मी कापड टेबलावर पसरलं. असं कापड आलं की मलिता आधी ते स्वतःला गुंडाळायची आणि अंगणात फिरून दाखवायची. पक्षाच्या बायकांत गाणं तीच उचलायची, म्हणून तिला सगळं नाचून बघायची सवय. "हे बघ, मी चालले की तुझा उमेदवार लंगडतोय," म्हणायची. मागच्या निवडणुकीत एका बाईने विरोधी पक्षाच्या माणसाच्या चेहऱ्याचं पायपुसणं शिवून मागितलं होतं. मलिताने तिला परत पाठवलं. म्हणाली, "कुणाचाही असो, अंगणात आला की पाहुणा. पाहुण्यावर कुणी पाय देतं का?"

मी खडूने बसायच्या जागी खूण केली. अगदी चावुलाच्या चष्म्याभोवती. कात्री उचलली.

तेव्हा अंगणाच्या टोकाला, धुक्यात, कुणीतरी कापड गुंडाळून वळताना दिसलं. ते केळीचं झाड होतं. केळीचं झाड आहे हे मला माहीत होतं. तरी मी बराच वेळ बघत राहिलो. पान हललं की ती वळायची. मग पुन्हा उभी राहायची, मी काय म्हणतो ते ऐकायला उभी राहावी तशी.

मी खूण पुसली. दोन्ही चेहरे पाठीवर शेजारी शेजारी घेतले, एकाच उंचीवर. एलुबेचा झगा तसा शिवला आणि मग बाकीचेही.

बायका झगे न्यायला आल्या, पाठीवरचे चेहरे बघितले. "घरजावयाला घरजावयाचा पुळका," एकजण पुटपुटली. दुसरी म्हणाली, "उसवायलाही वेळ नाही आता, उद्याच सभा."

एलुबे सगळ्यात शेवटी राहिली. तिने झगा उलटा सुलटा करून बघितला.

"मी तुमच्यासाठी काय बोलणार होते, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मलिता असती तर तिने मला उसवायला लावलं असतं."

"ती नाहीये, दाजी."

"हो," मी म्हणालो.

ती झगा घेऊन गेली.

सभा शाळेच्या मैदानात होती. चिपेरोनी तिथेही होतीच. बायका नाचल्या, स्टेजकडे पाठ करून वाकल्या. चावुला किडकिडीत माणूस. चष्मा पुसायचा, तो पुन्हा ओला व्हायचा. त्याला आमची भाषा येत होती, पण शब्द शोधून शोधून बोलायचा. म्हणाला, "तुम्हाला दुसरं कुणी हवं होतं, मला माहीत आहे."

"माहीत आहे तर परत जा की!" मागून एक बाई ओरडली.

चावुलाने चष्मा काढला. "जातो ना, ताई. पण जावयाला न्सिमाचं ताट न वाढताच पाठवता का तुमच्याकडे?"

आमचं 'घरजावई' त्याच्या कानावर गेलं असावं. लोक हसले. बायकाही हसल्या, मनात नसताना.

परतताना एलुबे माझ्या बाजूने चालत होती. "तोंड बरं चालतं त्याचं," ती म्हणाली.

"मत देणार?"

"नामाखाबाईंना विसरले नाही मी अजून." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "पाठीवर बरा दिसतो म्हणे. मागच्या बाईने सांगितलं."

बैठक त्यानंतरच्या रविवारी झाली. माझ्या बाजूने माझी थोरली बहीण आली होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका चटईवर, मी मध्ये. नाझोंबे मामांनी रीतीप्रमाणे सगळं सांगितलं. मी कसा आलो, त्यांच्या भाचीला कसं सांभाळलं, भांडण घेऊन कधी कुणाच्या दारात गेलो नाही. मग म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?"

बायका आपल्या पायांकडे बघत होत्या. मीही एलुबेकडे बघायचं टाळलं.

"मामा," तीच बोलली. "देशाच्या दुसऱ्या खुर्चीवर बाहेरचा चालतो, मग आपल्या ओसरीवर एक टेलर का चालू नये?"

मामा हसले. "त्याला पाच वर्षांनी परत पाठवता येतं गं."

सगळे हसले. मीही हसलो.

मग मामांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज उतरवून बोलले. "जावई, ती असती तर तुम्हाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. घर तिचं होतं. आता ते एलुबेच्या पोरीचं. तिचं लग्न ठरलंय. तिचा नवरा येईल, त्याला या घरात आपलं वाटायला नको? तुम्ही ओसरीवर बसलेले असताना तो कुठे बसेल?"

मी नवा आलो तेव्हा मलिताच्या बापाची काठी अजून दाराआड होती. ती काठी वर्षभर मी परका असल्यासारखी माझ्याकडे बघत असायची.

"खरं आहे, मामा," मी म्हणालो.

मामांनी स्वतः माझं डोकं भादरलं. वस्तरा गार होता. केस मांडीवर पडले, त्यात पांढरेच जास्त. "तुम्ही मोकळे," ते म्हणाले. माझ्या बहिणीने माझं डोकं आपल्या कापडाच्या टोकाने पुसलं, मी लहान असल्यासारखं.

जायच्या दिवशी मी पहाटे उठलो. डोंगर पायापर्यंत झाकलेला होता, राईचे शेंडेही दिसत नव्हते. मी अंगण झाडलं. दारापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत झाडत आलो. तसं झाडलं की आपली पावलंही झाडूखाली जातात. रस्त्याला पोचलो तेव्हा ओल्या मातीवर नुसत्या झाडूच्या रेघा होत्या.

एलुबे रस्त्यावर माझं मशीन सायकलला बांधत होती. तिने वळून बघितलं.

"बायकांची कामं करायला लागलात, दाजी?"

"आज करू दे."

तिने माझ्या हातून झाडू घेतला. दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मग ती झाडू ठेवायला घराकडे निघाली. अंगणातल्या रेघांशी येऊन थांबली, आणि कुंपणाला अंग घासत कडेकडेने गेली.